इंजिन बसवायला जीपचा पत्रा कापावा का?

यवतेश्वरचा_चढ:
आजोबांची लो बोनेट जीप आहे. लष्कराच्या लिलावातली, १९४४ची, डावं स्टिअरिंग, सहा व्होल्टची बॅटरी. चार वर्षं बंद आहे. ब्लॉकला दोन नंबरच्या सिलिंडरपाशी चीर गेलीय. साताऱ्यात दोघांनी वेल्डिंग करून बघितलं. गरम झाली की पुन्हा पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये. मेस्त्रींनी महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं प्यूजो डिझेल इंजिन आणलंय, २११२ सीसीचं. उचलून ठेवून बघितलं तर वर बोनेटला दोन बोटं जास्त, मागं फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि पायांमधल्या पत्र्याला, टेकतंय आणि पुढं पंखा रेडिएटरवर. मेस्त्री म्हणतात, "फायरवॉल चार इंच आत घेतो, बोनेटला भोक पाडून वर टोपी बसवतो, आठ दिवसांत यवतेश्वरचा घाट चढवून दाखवतो." वडील म्हणतात, कापा. माझा ग्राइंडर लावायला हात धजत नाही. काय करू?

पत्रेवाला_कराड:
कापा. जीप म्हणजे काय देवघरातला टाक आहे का? चार वर्षं उभी आहे, अजून चार वर्षांत खालून फ्लोअर गळून पडेल, मग काय जपणार? आणि पत्रा बदलायचं पाप कंपनीनं आधीच केलंय. तुमच्या गाडीतलं २१९९ सीसीचं इंजिन, साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाही, बाजूला ब्लॉकमध्ये, साठ हॉर्सपॉवरचं. पुढं त्याच ब्लॉकवर इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि बोनेट बंद होईना. मग काय केलं? बोनेट आणि ग्रिल उंच केली. तीच १९५३ची सीजे ३बी. महिंद्रानं तीच हाय बोनेट आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली आणि आज लोक तिच्यावर जीव टाकतात. इंजिनासाठी बॉडी बदलायची ही जीपचीच रीत आहे.

नाना_मिरज:
पत्रेवाले, कंपनीनं नवा साचा काढला हो. उभ्या गाडीवर ग्राइंडर नाही चालवला. फरक आहे.

मी कापलेली आहे, म्हणून बोलतो. तासगावला द्राक्षबागेत फिरवायला घेतलेली जीप, असंच डिझेल, अशीच फायरवॉल आत. पहिला पावसाळा मजेत गेला. दुसऱ्या वर्षी काचेची फ्रेम थरथरायला लागली, मग काउलच्या, म्हणजे काचेखालच्या पत्र्याच्या, कोपऱ्याला चीर. वेल्डिंग केलं की चीर शेजारी सरकायची. तीनदा केलं. दारं नाहीत, वर छत नाही, त्या डब्याला आडवा ताठपणा देणारा मोठा पत्रा तोच, आणि आम्ही तोच कापला. उन्हाळ्यात डाव्या पायाला जी धग लागायची ती वेगळीच. बायकोनं त्या गाडीत बसणं बंद केलं, आता बोला.

एमएच_अकरा:
कागदाचं कुणीच बोलेना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टोपी, फायरवॉल, इंजिन, मोजा तुम्हीच. अपघात झाला तर विमावाला आधी बोनेट उघडून बघणार.

पत्रेवाला_कराड:
पाटण खोऱ्यात या एकदा. कायद्यानं बघायला गेलं तर निम्म्या जीपा ओढून न्याव्या लागतील.

एमएच_अकरा:
न्यायला लागल्या तर तुम्ही सोडवायला येणार का? आणि दुसरं. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते. अट एवढीच की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. १९४४ची जीप त्यात बसते. ग्राइंडर फिरला की दार बंद.

पत्रेवाला_कराड:
विंटेज नंबर लावला की रोजच्या वापराला नेता येत नाही, हे का सांगत नाही? यांना कासचं पठार चढायचंय, प्रदर्शनात हार घालून उभी करायची नाही.

यवतेश्वरचा_चढ:
खरं सांगायचं तर वडिलांना शेतावर जायचंय आणि मला कासला. प्रदर्शन कुणालाच नको.

घाटउतार:
सगळे चढायचं बोलताय, उतरायचं कोण बोलणार? ह्या जीपला नऊ इंची ड्रम आहेत. डिझेल बसवलं की नाकाला वजन वाढणार आणि यवतेश्वरच्या उताराला ब्रेक तेच. गिअरबॉक्स टी-८४, तो मुळातच नाजूक. डिझेलचा जोर पहिल्याच चढाला त्याचे दात मोजेल. म्हणजे इंजिनामागं गिअरबॉक्स, त्यामागं प्रोपेलर शाफ्ट, मग ब्रेक. पत्रा कापणं हा सगळ्यात स्वस्त खर्च असतो राव, आणि म्हणूनच मेस्त्री तो आधी सांगतो.

पत्रेवाला_कराड:
हे मात्र बरोबर. ब्रेक आधी. कापायचं मत तेच आहे, पण ब्रेक आधी.

लेथवर_उभा:
उद्यमनगर, कोल्हापूर. मला मूळ प्रश्नच चुकलाय असं वाटतं. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, ब्लॉकला वेल्डिंग करतं का कुणी? एका जागी तापवलं की थंड होताना बीड आखडतं आणि शेजारी नवी चीर जाते. तुमचं दोन वेळा तेच झालंय. ब्लॉक थंडच शिवायचा असतो. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडून ती थांबवायची, मग चिरेवरून एकाला एक चाटून भोकं पाडत आटे मारायचे, स्क्रू बसवायचे, वरून घासून सपाट. चीर सिलिंडरच्या आत उतरली असेल तर बोअर मोठं करून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवायची. शेवटी पाण्याचं प्रेशर देऊन तपासायचं. वेळ लागतो, पण पत्र्याला हात लागत नाही.

किर्लोस्करवाडी १९१०पासून आपल्या शेजारी आहे, बिडातली माणसं या पट्ट्यात अजून आहेत. साताऱ्याहून तीन तासांत ब्लॉक इथं येतो.

नाना_मिरज:
हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर.

पत्रेवाला_कराड:
आणि शिवूनही गळलं तर?

लेथवर_उभा:
तर ग्राइंडर कुठं पळून जाणारेय? कापायचं कधीही कापता येतं.

यवतेश्वरचा_चढ:
ब्लॉक काल टेम्पोत घालून पाठवला. आधी वेल्डिंग केलेली जागा खरवडून बघू मग सांगू, म्हणाले. वडील दोन दिवस बोलत नव्हते. मेस्त्री तर अजूनही बोलत नाहीत. प्यूजो अंगणात पोत्याखाली पडून आहे. वडील सकाळी चहाचा कप घेऊन जातात, पोतं उचलून बघतात आणि परत झाकतात.

पत्रेवाला_कराड:
मेस्त्रींना विचारा, प्यूजो केवढ्याला देतात. माझ्याकडं एक हाय बोनेट रिकामी उभी आहे.