पुरावे दाखवून माणसाचं मत बदलतं का?

मोरपीस

माझे मामा आटपाडीला असतात. डाळिंबाची बाग आहे, वय ६१, आठ वर्षांपासून मधुमेह. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गोळ्या बंद करून मेथी-दालचिनीचा काढा सुरू केला. काढ्याचा तो संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातच फिरत होता. मी एक अख्खी संध्याकाळ घालवून उत्तर लिहिलं. काढ्याने गोळीची जागा भरून निघत नाही, साखर वाढत राहिली की मूत्रपिंडाचं, डोळ्यांचं काय होतं, सगळं मुद्देसूद. मामा गट सोडून गेले. मामी म्हणते, आता काढा दिवसातून दोनदा घेतात.

तेव्हापासून या विषयावर जमेल तेवढं वाचतेय. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी ४८ विद्यार्थी घेतले, निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीने गुन्हे घटतात म्हणणारा, दुसरा घटत नाहीत म्हणणारा. प्रत्येकाला आपल्या मताचा अभ्यास पक्का वाटला आणि दुसऱ्यात भोकं दिसली. शेवटी दोन्ही गट म्हणाले, आमचं आधीचंच मत आणखी घट्ट झालं. २०१० मध्ये नायहान आणि रायफलर यांना तर असं आढळलं की इराककडे महासंहारक शस्त्रं नव्हती हा खुलासा वाचून काही लोकांचा ती होती यावरचा विश्वास वाढला.

माझं मत असं झालंय की पुराव्याने वाद घालणं निरुपयोगी आहे, आणि जवळच्या माणसाशी तर घातकच. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.

गणिताचे मास्तर

पूर्ण असहमत. तुम्ही दिलेले दोन्ही प्रयोग खरे आहेत, पण गोष्ट तिथे थांबलेली नाही.

१९७९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ‘तुमचं मत किती बदललं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारलं होतं. वाटणं वेगळं आणि बदल वेगळा. पुढे १९९३ मध्ये इतर संशोधकांनी आधीचं आणि नंतरचं मत थेट मोजून पाहिलं, तेव्हा मतं अशी टोकाला गेलेली दिसली नाहीत. इराकच्या शस्त्रांचंही तसंच. वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ वेगवेगळे मुद्दे तपासले, २०१९ मध्ये ते छापून आलं. खुलासा उलटला तो फक्त त्या शस्त्रांच्या प्रश्नावर, आणि प्रश्न सोप्या शब्दांत विचारल्यावर तिथेही नाही. खुद्द नायहान यांनी नंतर लिहिलं की हा उलटा परिणाम क्वचितच दिसतो.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. टेबलावर चार पत्ते : अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटाल? हे पीटर वेसन यांचं १९६६ चं कोडं आहे. बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’, कारण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. १९९८ मध्ये मॉशमन आणि गाइल यांनी हेच कोडं एकेकट्याला दिलं तर दहात जेमतेम एकाला जमलं. पाच-सहा जणांना एकत्र बसवून भांडू दिलं तर चारांतल्या तीन गटांना जमलं. दरवर्षी नववीच्या मुलांना हे देतो. एखादी मुलगी उठून ‘पण सर, चारने काय सिद्ध होणार?’ म्हणते, आणि दोन मिनिटांत वर्ग फिरतो. कोणी कोणावर आवाज चढवलेला नसतो.

मर्सिए आणि स्पर्बर यांनी २०११ मध्ये मांडलं की तर्क करण्याची क्षमता माणसात एकट्याने विचार करण्यासाठी नाही, एकमेकांना पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचं पारखून घेण्यासाठी विकसित झाली असावी. मला हे पटतं. म्हणून एकटा माणूस स्वतःच्या चुका पाहू शकत नाही, आणि म्हणून वाद थांबवणं हा उपाय नाही.

मोरपीस

मास्तर, मनापासून आभार, २०१९ चं मला माहीत नव्हतं. पण पत्त्यांच्या कोड्यात कुणाचा अभिमान गुंतलेला नसतो. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीत सुमित्रा बद्रिनाथन यांनी घरोघरी जाऊन खोट्या बातम्या ओळखायचं तासभर प्रशिक्षण दिलं. एकूण लोकांवर फरक दिसला नाही, आणि भाजपच्या समर्थकांना तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं प्रशिक्षणानंतर आणखी कठीण गेलं. जिथे माणूस स्वतः गुंतलेला असतो तिथे तुमचे पत्ते चालत नाहीत.

शेवंता

मोरपीस यांच्याशी सहमत. अमेरिकेत मायामीतला प्रयोग तर तेच सांगतो. ब्रूकमन आणि काला, २०१६. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, विषय तृतीयपंथीयांविषयीचा आकस. दारात उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, पण भाषण द्यायचं नाही. ‘तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून वागवलंय का?’ हे विचारायचं आणि ऐकायचं. आकस कमी झाला, आणि हा परिणाम निदान तीन महिने टिकला. २०२० मध्ये त्यांनी ही ऐकण्या-सांगण्याची देवाणघेवाण काढून नुसते युक्तिवाद ठेवून पाहिले, तर परिणाम उरला नाही.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते बायकांच्या केसांत झालेली जट सोडवायला जातात तेव्हा हेच करतात. जट कापली तर देवीचा कोप होईल या भीतीत ती बाई वर्षानुवर्षं मान अवघडून जगलेली असते. तिच्यापुढे विज्ञान वाचून कोणी कात्री काढत नाही. तिच्याशी, घरच्यांशी बोलणं होतं, पुन्हापुन्हा जाणं होतं. ती हो म्हणेपर्यंत थांबतात. मी हे जवळून पाहिलंय. त्या बाईच्या भीतीची चेष्टा न करणं हे त्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे असं माझं मत आहे.

आडवाटेचा प्रवासी

शेवंता, २०२४ चा कॉस्टेलो, पेनीकुक आणि रँड यांचा अभ्यास तुमच्या म्हणण्याच्या अगदी उलट जातो. कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या २,१९० लोकांशी जीपीटी-४ या संगणकीय चॅटबॉटने संवाद केला, जेमतेम तीन फेऱ्या. दिले ते पुरावेच. तरी विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनीही तसाच होता.

आता दोन्ही खरं कसं? माझ्या मते दुवा एका बारीक गोष्टीत आहे. त्या प्रयोगात आधी माणसाला स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं होतं : तुम्ही काय मानता आणि कशामुळे मानता. उत्तर नेमकं त्या ‘कशामुळे’ला दिलं. मायामीतही आधी ऐकलं. आपल्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच बाजूने पूर्ण मांडायचं, मग उत्तरपक्ष. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. वाद सत्य ठरवायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडणं. गंमत म्हणजे गौतमाने शेवटच्या दोघांनाही हाकलून दिलेलं नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसं ते तत्त्वाच्या रक्षणासाठी, असं म्हटलंय. पण कुंपणाला कोणी पीक समजू नये.

मोरपीस, एक विचारतो, राग मानू नका. मामांनी गोळ्या का सोडल्या?

मोरपीस

संदेश वाचून सोडल्या असंच मी धरून चालले. विचारलं नाही.

गणिताचे मास्तर

आणि बिहारचं अर्धंच सांगितलंत. नंतर त्याच राज्यात बद्रिनाथन आणि सहकाऱ्यांनी १३,५०० च्या आसपास शाळकरी मुलांना काही आठवडे वर्गात बसवून शिकवलं. चार महिन्यांनीही फरक टिकून होता, आणि मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचला होता. एका तासात जमलं नाही म्हणजे जमतच नाही असं नाही.

मोरपीस (चार दिवसांनी)

काल आटपाडीला जाऊन आले. काढ्याचं नाव काढलं नाही. मामांना म्हटलं, गोळ्यांचा त्रास होत होता का? तर म्हणाले, होळीच्या आसपास फवारणी करताना हातपाय थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधार. बांधावर बसून राहिले, जवळ कोणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत तसंच. घाबरून गोळी बंद केली आणि कोणालाच सांगितलं नाही, मामीलाही. काढ्याचा संदेश त्यानंतर आला. मी ज्याला उत्तर लिहिलं ते त्यांचं कारणच नव्हतं.

कोयनाकाठ

मी डॉक्टर आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं साखर एकदम खाली गेल्याची वाटतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने, विशेषतः सकाळी गोळी घेऊन न खाता शेतात गेलं की असं होतं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण दोन महिने बंद आहे, तर आता मनाने पुन्हा सुरू करू नका, आधी तपासणी. जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि थरथरीची गोष्ट मामांनाच सांगू द्या.

शेवंता

एका मामांवरून मास्तरांचे ५२ मुद्दे खोटे ठरत नाहीत, हे मान्य. पण माझेही ठरत नाहीत.

मोरपीस

गुरुवारी विट्याला नंबर लावलाय. मामा म्हणाले, तू चल, पण आत मी बोलेन.