मदत हवी आहे: मित्रांसोबतच्या सहलींचे फोटो क्रमाने कसे लावायचे?

मंडळी, आमच्या कंपूच्या जुन्या सहलींचे फोटो एकत्र करायला घेतलेत आणि पुरता गोंधळ उडालाय. सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे फोटो धाडले. त्यात फोटो काढल्याची तारीख आणि ठिकाण गळून जातं, म्हणून आता 'डॉक्युमेंट' करून परत पाठवा अशा विनवण्या चालू आहेत.

खरी डोकेदुखी जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची. आम्ही डोंगरमाथ्यावर कुडकुडत सूर्योदय बघतोय आणि फोटोवर वेळ रात्री पावणेबाराची! एक्झिफटूल या फोटोतली तारीख-वेळ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे सरकवता येते. त्याच क्षणाचा मोबाइलमधला फोटो मिळाला तर फरकही कळतो. पण सहलीत मध्येच बॅटरी काढल्यावर घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं असेल, तर तो सांधा कसा ओळखायचा? फाइलच्या क्रमांकावर विसंबावं का?

कागदी फोटो 600 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करतोय. काहींच्या निगेटिव्ह सापडल्यात, त्या स्कॅन करण्याचा खटाटोप फायद्याचा आहे का?

आणि हो, कोण कुठे घसरून पडलं यावर प्रत्येकाची आठवण वेगळी. फोटोखाली दोन्ही किस्से लिहायची सोय असलेलं एखादं फुकट अ‍ॅप सुचवा.