शब्दचर्चा : ‘सबस्क्रिप्शन’ला वर्गणी म्हणावं का, आणि ‘विकत घ्या’ कधी म्हणू नये?

नौपाडेकर :
ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या अ‍ॅपचा मराठी मजकूर पक्का करायचा आहे. अ‍ॅपवर ई-पुस्तकं, बोलती पुस्तकं आणि काही नाटकांची चित्रणं असणार आहेत. चार ठिकाणी अडलंय : सबस्क्राइब, बाय, फ्री ट्रायल आणि ऑटो-रिन्यू. कच्च्या मजकुरात अनुक्रमे ‘सदस्यता घ्या’, ‘खरेदी करा’, ‘मोफत चाचणी’ आणि ‘स्वयं-नूतनीकरण’ असं आहे. यातून पैसे भरणाऱ्याला नेमका काय बोध होतो, यावर मत हवंय. मला स्वतःला ‘वर्गणी’सारखा रुळलेला शब्द असताना दुसरा कशाला, असं वाटतं.

ऐरोलीकर :
‘सदस्यता’ हे हिंदी वळण. मराठीत सदस्यत्व किंवा सभासदत्व. पण वर्गणी घालणार असाल तर क्रियापदही बदला. आपण ‘सबस्क्रिप्शन घेतलं’ म्हणतो, पण ‘वर्गणी घेतली’ म्हटलं की अर्थ फिरतो. ती मंडळाने घेतलेली असते. देणारा वर्गणी भरतो किंवा देतो, मंडळ ती गोळा करतं, आणि चारजण मिळून सामायिक खर्चासाठी वर्गणी काढतात. त्यामुळे बटणावर ‘वर्गणी भरा’ हवं. नुसता शब्दाला शब्द बदलला की ‘वर्गणी घ्या’ तयार होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच पैसे मिळणार आहेत. माणसासाठी ‘वर्गणीदार’ आहेच.

कळवेकर :
माझा आक्षेप अर्थावर आहे. मासिकाची वर्गणी भरली की बारा अंक घरी येतात आणि घरीच राहतात. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही म्हणून कोणी जुने अंक उचलून नेत नाही. स्ट्रीमिंगमध्ये पैसे थांबले की त्याच दिवशी सगळं कपाट बंद. याला वर्गणी म्हणणं म्हणजे ग्राहकाचा गैरसमज करून देणं. सरळ ‘भाडं’ म्हणा.

नेरूळकर :
कळवेकर, तुम्ही वर्गणीचा एकच अर्थ धरलात. वाचनालयाची वर्गणी आठवा : आधी अनामत, मग दरमहा वर्गणी, आणि पुस्तक वाचून परत. पुस्तक आपलं होत नाही, तरी त्याला कोणी भाडं म्हणत नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या शहरात १८९३पासून आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिसरा अर्थ गणपतीच्या वर्गणीचा. तिथे परत काहीच मिळायचं नसतं आणि ती मनापासून द्यायची असते. (सक्तीने घेतली की तिला खंडणी म्हणतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.) म्हणजे वस्तू आपली होणं हा वर्गणीच्या अर्थाचा भाग नाहीच. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रक्कम, अनेकांनी मिळून एका सोयीला देणं, हा तिन्हींतला समान भाग. ओटीटी ही वाचनालयाची वर्गणी आहे, फक्त अनामत नाही.

भाडं एका वस्तूचं असतं. एक चित्रपट अठ्ठेचाळीस तासांसाठी घेतला, तर ते भाडं. तो शब्द तिथे राखून ठेवा.

कळवेकर :
वाचनालयाचा दाखला मान्य. पण एक फरक उरतोच, आणि तोच मला सगळ्यांत मोठा वाटतो. वाचनालयात वर्गणी आपल्या हाताने भरावी लागते. विसरलात तर थकते, म्हणजे विसरण्याचा तोटा वाचनालयाला. अ‍ॅपमध्ये विसरलात तर पैसे जात राहतात, म्हणजे तोटा वाचणाऱ्याला. माणूस विसराळू आहे आणि नकोशी कामं पुढे ढकलतो, यावर तर या दरांची सगळी आखणी उभी आहे. अमेरिकेतल्या व्यायामशाळांवरचा डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांचा २००६चा अभ्यास प्रसिद्ध आहे : दहा डॉलरला एक फेरी असा दहा फेऱ्यांचा पास उपलब्ध असूनही, मासिक वर्गणी भरणाऱ्यांना प्रत्येक फेरी सरासरी सतरा डॉलरच्या वर पडत होती. आपण नियमित जाऊ आणि नको झालं की लगेच बंद करू, हे दोन्ही अंदाज चुकतात. म्हणून वर्गणी म्हणा, पण ती ‘आपोआप’ जाते हे त्याच बटणाजवळ दिसलं पाहिजे.

नौपाडेकर :
मग ‘स्वयं-नूतनीकरण’ चालेल ना?

कोपरखैरणे :
नाही. पेमेंटच्या बाजूचा माणूस म्हणून जरा तपशिलात लिहितो. नूतनीकरण म्हणजे मुदत संपलेली गोष्ट आपण होऊन पुन्हा चालू करून घेणं, परवान्याचं, विम्याचं. त्यात पैशाचा मागमूस नाही. इथे घडतं ते असं की खात्यातून रक्कम वळती होते. बँकांच्या मराठीत ‘वळती करणे’ हा जुना, पक्का शब्द आहे. ‘दरमहा १४९ रुपये खात्यातून आपोआप वळते होतील’ हे वाक्य बटणाखाली लिहा. लांब आहे, पण कोणाला विचारावं लागत नाही.

मँडेटसाठी, म्हणजे खात्यातून पैसे असे आपोआप कापायला आपण आधीच दिलेल्या मान्यतेसाठी, ‘पूर्वसंमती’ लिहा, ‘आदेश’ नको. संमती मागे घेता येते, हे त्या शब्दातच आहे.

संमतीच्या पडद्यावर तीन गोष्टी असतात आणि तिन्हींचं मराठी बहुतेक अ‍ॅपमध्ये गोंधळाचं असतं. पहिली रक्कम : यूपीआय ऑटोपेमध्ये, म्हणजे यूपीआयवरून ठरल्या वेळी आपोआप पैसे जाण्याच्या सोयीत, ती ‘ठरावीक’ असू शकते किंवा ‘कमाल’. एक रुपयाच्या पहिल्या महिन्यासाठी संमती देताना खाली बारीक अक्षरात ‘९९९ रुपयांपर्यंत’ असेल, तर तुम्ही ९९९ला हो म्हटलेलं असतं. त्या ‘पर्यंत’वर नजर गेली पाहिजे, म्हणून ‘कमाल ९९९’ असं आधी, ठळक लिहा. दुसरी वारंवारता : दरमहा, दरवर्षी, किंवा ‘मागणी येईल तेव्हा’. हा तिसरा प्रकार दिसला तर दोनदा विचार करावा. तिसरी अखेरची तारीख. ती बऱ्याचदा दहावीस वर्षं पुढची असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि तिच्यातून तो व्यवहार किंवा पूर्ण संमती नाकारण्याची सोय हवी. जून २०२२पासून १५,००० रुपयांपर्यंतची अशी वजावट दर वेळी ओटीपी किंवा पिन न विचारता होते. त्यामुळे ती सूचना हाच खरा थांबा आहे. तिला ‘माहितीसाठी’ असं शीर्षक देऊ नका. ‘उद्या १४९ रुपये जाणार आहेत’ असं द्या.

रद्द करण्याबद्दल : अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणीही बंद होत नाही आणि संमतीही रद्द होत नाही. दोन वेगळी कामं आहेत. आधी सेवेच्या अ‍ॅपमध्ये, किंवा प्ले स्टोअरमधून भरली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत, वर्गणी थांबवायची. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून संमती मागे घ्यायची. यादीत ‘थांबवा’ आणि ‘रद्द करा’ असे दोन पर्याय असतील तर पहिला तात्पुरता असतो, तो पुन्हा चालू होऊ शकतो. मराठीत ‘तात्पुरतं थांबवा’ आणि ‘कायमचं रद्द करा’ असं पूर्ण लिहिलं तर निम्म्या तक्रारी कमी होतील.

ऐरोलीकर :
‘कमाल’ शब्द मात्र तपासून घ्या. तरुण वाचकांना हिंदीतलं ‘कमाल’ आधी आठवतं. ‘जास्तीत जास्त ९९९’ निर्धोक.

कोपरखैरणे :
बरोबर. ‘जास्तीत जास्त’च घ्या.

सीवूड्स :
‘खरेदी करा’बद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. या अ‍ॅपमधलं ई-पुस्तक ‘विकत घेतलं’ की काय मिळतं? ते दुसऱ्याला देता येत नाही, रद्दीत विकता येत नाही, अ‍ॅपबाहेर उघडत नाही. प्रकाशकाने हक्क काढून घेतले तर कपाटातून जातंही. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या किंडल या वाचन-यंत्रावरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, पण पुस्तक न विचारता गेलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे : हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूवर ‘बाय’ लिहायचं नाही. फाइल कायमची उतरवून घेता येत असेल तर मात्र सूट.

नवी मुंबईत हा फरक समजावणं सोपं आहे. इथे सगळे ‘घर विकत घेतलं’ म्हणतात, पण खालची जमीन सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आणि घर विकताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क आडवं येत आलेलं. तरी भाडेपट्टा बराच बरा. त्यात हक्क निर्माण होतो, वारसाला जातो, विकता येतो. ई-पुस्तक त्याच्याही खाली आहे. ते घर भाड्याने देतानाच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारामधलं लायसन्स. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२च्या कलम ५२प्रमाणे लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी, मालमत्तेत हक्क नाही.

नौपाडेकर :
मग बटणावर ‘परवाना घ्या’ लिहायचं? आरटीओची आठवण होते.

सीवूड्स :
‘परवाना’ अटींच्या पानावर ठेवा. बटणावर ‘अ‍ॅपमध्ये वाचायला घ्या’. वाचनालयातून पुस्तक वाचायला नेतात, विकत नेत नाहीत. वाचकाला ही भाषा ओळखीची आहे. खाली एक ओळ : ‘प्रत उतरवून घेता येणार नाही. अ‍ॅप बंद झाल्यास पुस्तक उघडणार नाही.’ ज्या पुस्तकांची पीडीएफ खरोखर हातात देणार आहात, त्यांच्यावर बेलाशक ‘विकत घ्या’ लिहा. दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले की फरक आपोआप दिसतो.

दर लिहिताना करासकट लिहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नसलेल्यावर १८. स्ट्रीमिंगवरही १८. ‘अधिक कर’ एवढंच लिहून शेवटच्या पडद्यावर आकडा वाढवला की माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

नेरूळकर :
‘मोफत चाचणी’ काढा. चाचणी रक्ताची असते किंवा शाळेत असते. ‘मोफत मुदत’ लिहा; मुदत म्हटलं की संपायची तारीख विचारली जाते. पहिला महिना कमी दरात देणार असाल तर आपला ‘स्वागतमूल्य’ हा शब्द आहेच, नव्या दैनिकांनी रुळवलेला. स्वागतमूल्य पुढे वाढणार, हे मराठी वाचकाला न सांगता कळतं.

आणि कृपा करून ‘फुकट’ नको. ‘मोफत’ वस्तूबद्दल सांगतो, ‘फुकट’ घेणाऱ्याबद्दलही काही बोलून जातो. मोफत सल्ला आणि फुकटचा सल्ला यांत केवढं अंतर आहे! वेळ फुकट जातो, मोफत जात नाही. कायद्यातही शिक्षण ‘मोफत व सक्तीचं’ आहे.

कळवेकर :
पण फुकटचं आकर्षण हा माणसाचा स्वभावच आहे, आणि जाहिरातदार तो ओळखून आहेत. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भारी चॉकलेट १५ सेंटला आणि साधं १ सेंटला ठेवलं, तेव्हा बहुतेकांनी भारी घेतलं. दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, म्हणजे १४ आणि शून्य, तेव्हा बहुतेक साध्याकडे वळले. फरक तेवढाच राहिला, तरी शून्याने निवड फिरवली. म्हणून मोफत मुदतीसाठी आधीच कार्ड किंवा ऑटोपे मागणं मला गैर वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार जाहीर केले, त्यांतल्या ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये हेही येतं. ‘वर्गणीचा सापळा’ हे भाषांतर तिथे चपखल बसतं.

ऐरोलीकर :
‘फक्त ९९ रुपये’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही बघा. पावतीवर ‘रुपये नव्व्याण्णव मात्र’ लिहितात, तेव्हा याहून एक पैसाही जास्त नाही असा त्याचा अर्थ असतो. जाहिरातीतलं ‘फक्त’ नुसतं स्वस्त आहे एवढंच सुचवतं. पावतीवर ‘मात्र’ ठेवा, बटणावरून ‘फक्त’ काढा.

नौपाडेकर :
घेतलं. आता शेवटचं : ‘लाइफटाइम’ योजनाही आहे. ‘आजीव वर्गणी’ लिहू?

सीवूड्स :
शब्द उत्तम, पण कोणाच्या जीवापर्यंत ते सांगावं लागेल. मासिकांच्या बाबतीत हा वाद जुना आहे, म्हणून काही मासिकं ‘आजीव’पुढे कंसात वर्षं छापतात. अ‍ॅपचं आयुष्य मासिकाहून कमी धरा. ‘आजीव’ लिहायचं असेल तर त्याच ओळीत ‘किमान दहा वर्षे, आधी सेवा बंद झाल्यास उरलेल्या वर्षांची रक्कम परत’ असं वचन वाचनालय देणार का, हे कार्यकारिणीला विचारा. देणार नसेल तर ‘दहा वर्षांची वर्गणी’ म्हणा.