मदत हवी आहे: पीएस५ (प्लेस्टेशन ५ गेमिंग कन्सोल) भरला, आत बसणारी एम.२ एसएसडी घेऊ की घरातली हार्ड डिस्कच लावू?

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ गावात राहतो. पीएस५ सुरुवातीचा, ८२५ जीबीवाला. सिस्टीमची जागा वजा जाता हाताला ६६७ जीबीच लागतात, तेही आता काठोकाठ भरलेत. नवा गेम टाकायचा तर जुना काढायचा. शहरातले मित्र म्हणतात, 'काढ की, हवा तेव्हा परत डाउनलोड कर.' अरे, इथे पावसात १० एमबीपीएस मिळालं तर देव पावला! १०० जीबीचा गेम म्हणजे सलग २२ तास, आणि मध्ये लाईट गेली की राउटर बंद. गेम काढताना हात थरथरतो.

घरात २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क आहे. तिच्यावर भागेल का? की एम.२ एसएसडीच घ्यावी? ओळखीचा दुकानदार तिसऱ्या पिढीची स्वस्तात देतोय, म्हणतो चालेल. खाऱ्या, दमट हवेसाठी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागते का? भाऊ चतुर्थीला मुंबईहून येतोय. लॅमिंग्टन रोडवरून काही आणायला सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं.

---

उत्तर, रत्नागिरीहून:

दुकानदाराचं ऐकू नका. पीएस५ला चौथ्या पिढीची एनव्हीएमई प्रकारची एम.२ एसएसडी लागते, वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असलेली. हीटसिंक हवीच, पण हवेचा तिच्याशी संबंध नाही, एसएसडी स्वतःच तापते. हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी, भावाला हा आकडा लिहूनच द्या. बसवायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

पण तुमची खरी अडचण नेटची दिसते. हार्ड डिस्कवरून पीएस५चे गेम खेळता येत नाहीत (पीएस४चे येतात), मात्र ठेवता येतात. खेळायचा झाला की आत कॉपी करायचा. १०० जीबीला अर्धा तास धरा, कुठे २२ तास! मी गेलं वर्षभर हेच करतोय, एम.२ अजून घेतली नाही. डिस्क मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचा चौकोनी पोर्ट हळू आहे, आणि हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) चालत नाही. कॉपी चालू असताना लाईट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरवर घ्या.

आणि हो, पीएस५ ती डिस्क आधी फॉरमॅट करतो. आतलं सगळं जातं.

---

मूळ प्रश्नकर्ता:

बरं झालं शेवटचं सांगितलंत! त्या डिस्कमध्ये आमच्या लग्नाचे फोटो आहेत. भावाला आता एम.२ नको, फोटोंसाठी दुसरी साधी डिस्क आणायला सांगतो. घरी यातलं काही बोललेलो नाही.