सुट्टीचा शेवटचा पंधरवडा आणि सोलापूर : ‘न्यायला जागाच नाही’ या म्हणण्याला उत्तर

बाळीवेसकर

काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की सोलापुरात मुलांना नेण्याजोगे एकही ठिकाण नाही, मे संपत आला की महाबळेश्वर गाठावे, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी कूलरसमोर बसून शाळा उघडण्याची वाट पाहावी. हे वाचून मला इतके वाईट वाटले की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

गेल्या रविवारी आम्ही पहाटे साडेपाचला घर सोडले आणि ऊन चढण्याआधी हत्तरसंग कुडलला पोहोचलो. भीमा आणि सीना यांचा संगम, चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, सोबत शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ असा त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ आहे. हे सांगितल्यावर माझी आठ वर्षांची नात मान वर करून, बोटाने हवेत अक्षरे गिरवत पंधरा मिनिटे एका जागी उभी राहिली. तिला ओळ लागली नाही. पण एक अक्षर ओळखीचे निघाले तेव्हा तिने जी हाक मारली, ती ऐकून पुजारीसुद्धा बाहेर आले. पलीकडच्या हरिहरेश्वर मंदिरातल्या बहुमुखी शिवलिंगावरची मुखे मोजताना तिची गणती तीन वेळा चुकली आणि तिन्ही वेळा तिने नव्याने सुरुवात केली. साडेनऊला परतीला लागलो. आनंद कुंभार यांच्यासारख्या सोलापूरच्याच अभ्यासकाने हा शिलालेख वाचून जगापुढे आणला, आणि आपण म्हणतो की आपल्याकडे काही नाही!

जुळे सोलापूरकर

मूळ लेख माझा आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो. आपल्या नातीचे कौतुक आहेच, पण आपल्याजवळ स्वतःची गाडी आहे आणि पहाटे उठणारे घर आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरता. पारा बेचाळीसच्या पुढे असताना दोन लहान मुलांना घेऊन बाहेर पडणे म्हणजे काय, हे मी गेल्या वर्षी अनुभवले. नळदुर्गच्या धबधब्याचे छायाचित्र पाहून आम्ही मेच्या अखेरीस तिकडे गेलो. धबधबा कोरडा, दगड तापलेले, सावली नाही. धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, जवळ साखर-मिठाचे पाणीसुद्धा नव्हते आणि परतीच्या वाटेवर एका दवाखान्यात त्याला सलाइन लावावे लागले. त्या दिवसापासून ‘इतिहास दाखवा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

बाळीवेसकर

मुलाचे ऐकून वाईट वाटले. परंतु नर-मादी धबधबा बोरी नदी भरून वाहू लागल्यावर सुरू होतो, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला ठाऊक नसावे, याचे मला आश्चर्य वाटते. पावसाळ्यातले छायाचित्र पाहून आपण उन्हाळ्यात गेलात, हा नळदुर्गचा दोष नाही. सकाळी सातला पोहोचला असता तर तेथल्या किल्ल्याच्या उपळी बुरुजावर चढता आले असते, आणि अख्खी नदी भिंतीने अडवून त्या भिंतीच्या पोटात बांधलेला पाणीमहाल कोरड्या दिवसांत निवांत पाहता आला असता.

जुळे सोलापूरकर

माझा मुलगा आजारी पडला आणि आपण मला बोरी नदीचे वेळापत्रक शिकवत आहात. आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही.

निवृत्त मास्तर

दोघांनीही आवाज खाली घ्यावा. ऊन हा खरा अडथळा आहे, म्हणून छपराखालची ठिकाणे आधी धरावीत. केगावचे विज्ञान केंद्र घ्या. मी सदतीस वर्षे विज्ञान शिकवले, पण माझ्या फळ्यावरच्या आकृतीने जे कळले नाही, ते तेथे हाताने फिरवायच्या एका चाकाने मुलांना दोन मिनिटांत कळलेले मी पाहिले आहे. भैय्या चौकातले डॉ. कोटणीस स्मारक तर शहराच्या मध्यावर आहे. १९१० साली येथे जन्मलेला मुलगा डॉक्टर होऊन १९३८ मध्ये चीनला जातो, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करतो आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच देह ठेवतो, ही गोष्ट त्याच्याच घरात उभे राहून सांगता येते. ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरावे आणि पार्क चौपाटीवर पोरांना काहीतरी खाऊ घालून घरी यावे. हा सबंध दिवस शहराबाहेर न पडता होतो.

साखर पेठेतली आई

आपण सगळे पुरुष आहात हे वाचतानाच कळते. पहाटे साडेपाचला निघायचे म्हणजे चारला उठून भाकरी कोणी थापल्या, ते बाळीवेसकरांनी लिहिलेले नाही. आणि ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी काय करायचे, हे कोणीच लिहिलेले नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते, कधी पहाटे, कधी रात्री अकराला. त्या दिवशी घरात कोणीतरी थांबलेच पाहिजे, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी. गेल्या रविवारी सासरे आणि हे मुलांना घेऊन अक्कलकोटला गेले. मी पाण्याची मोटार लावून बॅरल, पिंप, हंडे, शेवटी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा भरत बसले. मुलगी परत आली आणि म्हणाली, ‘आई, तू का नाही येत कधी?’ तिला काय सांगू?

बाळीवेसकर

ताई, आपला त्रास खरा आहे, परंतु धागा सहलींचा आहे. पाण्याचा प्रश्न येथे आणला तर मूळ विषय बाजूला पडेल.

साखर पेठेतली आई

पाणी हाच सहलीचा विषय आहे. आपल्या घरी मुले कोठे न्यायची हे ठिकाण पाहून ठरते, आमच्या घरी ते नळ पाहून ठरते. शनिवारी पाणी आले तर रविवार आमचा, रविवारी आले तर सुट्टी गेली. शाळा उघडायला आता दोनच रविवार उरले आहेत.

होटगी रोड

ताईंचे शंभर टक्के बरोबर आहे. ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचे उजनी धरण आपल्या जिल्ह्यात आहे, आणि शहर घागरी मोजत बसते! शंभरेक किलोमीटरवरून येणाऱ्या पाण्यासाठी आम्ही दर महिन्याला टँकरवर किती खर्च करतो याचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. त्या पैशांत महाबळेश्वरच काय, काश्मीर झाले असते.

पुण्यात राहणारा सोलापूरकर

धरणाचा विषय निघालाच आहे म्हणून सुचवतो. उजनी उणे पातळीत गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, की इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. एरवी बुडालेले शिखर आणि कोरीव दगड मुलांना जवळून पाहायला मिळतात. मी दरवर्षी गावी येताना वाटेत तेथे थांबतो. उन्हाळ्याच्या अखेरीला याहून सुंदर दृश्य नाही.

साखर पेठेतली आई

ज्या वर्षी ते मंदिर उघडे पडते, त्या वर्षी आमचा नळ आणखी एक दिवस पुढे जातो. आपल्याला ते दृश्य सुंदर वाटते, कारण आपल्या घरी पुण्यात रोज पाणी येते. मला ते छायाचित्र वर्तमानपत्रात दिसले की आधी पोटात गोळा येतो.

पुण्यात राहणारा सोलापूरकर

माझ्या मनात तसे काही नव्हते. पण आपण म्हणता ते मला सुचायला हवे होते. माझी आईसुद्धा अशीच पाण्यासाठी मागे राहायची.

निवृत्त मास्तर

एक सूचना कळकळीने करतो. वळिवाचे दिवस आहेत. नान्नजच्या माळावर काळवीट पाहायला जाणाऱ्यांनी पहाटे जाऊन उन्हाआधी परतावे. माळढोक पक्षी दिसेल असे मुलांना सांगू नये, ते आता फार थोडे उरले आहेत. दुपारनंतर आभाळ भरून आले की त्या उघड्या माळावर थांबू नये, कारण विजेपासून आसरा घ्यायला तेथे काही नाही आणि झाडाखाली उभे राहणे तर सर्वांत वाईट. कुडलला पोरांना पात्रात उतरू देऊ नये. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

जुळे सोलापूरकर

विज्ञान केंद्र माझ्या ध्यानात आले नव्हते, तेवढे मास्तरांचे मान्य करतो. ‘एकही ठिकाण नाही’ हे माझे वाक्य मागे घेतो, ‘उन्हात सावली नाही’ हे मात्र घेणार नाही. बाळीवेसकरांनी दगडांबरोबर तेथल्या स्वच्छतागृहांबद्दलही लिहावे. माझी आई सत्तर वर्षांची आहे, तिला कोठे नेता येईल हे मला त्यावरून ठरवावे लागते.

बाळीवेसकर

आपण बोललात ते लागले, पण प्रश्न योग्य आहे. वयस्क बाईमाणसाला कुडलपेक्षा कोटणीस स्मारक सोपे जाईल. आणि ताई, चारला उठून भाकरी माझ्या सुनेने थापल्या. ती कुडलला आली नव्हती. त्या दिवशी आमच्याकडेही नळ होता, हे मी लिहिले नाही. येत्या रविवारी पाण्याजवळ मी थांबतो, तिला आणि नातीला पाठवतो.

साखर पेठेतली आई

सुनेला आधी विचारा, तिला कोठे जायचे आहे ते. आमच्याकडे आज सकाळी पाणी आले. पाच दिवस धरले तर पुढचे शुक्रवारी, म्हणजे रविवार मोकळा. मास्तर, केगावचे केंद्र रविवारी किती वाजता उघडते?