खावटी : आजीची आणि शेजारच्या वाडीतली एकच का?

माणगावची_नात :
आमचं घर माणगाव तालुक्यात, कुणबीवाडीत. गेल्या महिन्यात माजघरातली किडलेली मेढ, म्हणजे लाकडी खांब, बदलायला घेतली, तर आजीने सुताराचा हात धरला. मेढीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा आहेत, पाच-पाचच्या जुडीने. "ही आमची खावटी," म्हणाली. आषाढात कणगीचा तळ लागला की तिची सासू खोताकडून, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराकडून, भात उचलायची. एक खाच म्हणजे एक पायली. खोत देताना पायलीवर हात फिरवून सपाट करून द्यायचा, घेताना शीग लावून, म्हणजे वर रास येईल असं भरून घ्यायचा, तेही दिडीने, म्हणजे एकाचे दीड.
कोरोनाच्या काळात शेजारच्या कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत, सरकारची 'खावटी' आली. शब्द एकच कसा? आणि आजीच्या सासूच्या वेळी सरकारची काहीच मदत नव्हती का?

निवृत्त_हजेरीवाला :
ताई, ती मेढ टाकू नका. पडवीत उभी करून ठेवा.
मदत होती, पण दुष्काळाची. इंग्रजांनी १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर, १८८३ मध्ये दुष्काळ संहिता आणली. पाऊस हुकला, पीक बुडालं की सरकारी कामं काढायची आणि कामावर येणाऱ्याला मजुरी द्यायची, असा सगळा हिशोब. तो घाटावरच्या कोरड्या मुलखाला लागू पडला. आपल्याकडे पाऊस हुकत नाही. आपली उपासमार भर पावसातलीच. लावणी उरकलेली, जुनं भात संपलेलं, नवं अजून पोटरीतही नाही. दुष्काळ म्हणून त्याची नोंद कोण करणार? मग उरला खोत. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडायचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये. खोती गेली हे उत्तमच झालं, पण आषाढ तसाच राहिला. खावटीचं खातं वाण्याच्या वहीत गेलं, नाहीतर मुंबईच्या मनीऑर्डरीवर.
पुढे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' हा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो रोजगार हमी योजना (रोहयो) म्हणून राज्यभर गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम हा गरिबाचा हक्क झाला, दया नव्हे. या योजनेवर मी हजेरीपट धरला आहे, म्हणून अभिमानाने सांगतो.
पण आपल्याकडची अडचणही सांगतो. नवीन काम काढायला पन्नास मजूर लागायचे. आपल्या वाड्या दहा-पंधरा घरांच्या, मधे पऱ्ह्या (ओढे) आणि डोंगर. एका वाडीतल्या बायका तीनदा अर्ज घेऊन आल्या, दर वेळी नावं भरली एकतीस-बत्तीस. त्यांना परत पाठवताना माझी मान वर होत नसे. शिवाय मातीकाम पावसात बंद, म्हणजे ऐन खावटीच्या दिवसांत मजुरी नाहीच. कोकणाला खरा हात मिळाला १९९० नंतर, रोहयोतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा. सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, काजूचे खड्डे खणायची मजुरी आणि पुढे झाडही स्वतःचं.

पालीचा_मास्तर :
कातकऱ्यांच्या खावटीबद्दल. त्यांची खावटी खोतापेक्षा भट्टीवाल्याकडून. पावसाळ्यात मुकादम वाडीवर येऊन तांदूळ आणि उचल देतो, आणि दिवाळीनंतर सगळं घरदार कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जातं. फेडता फेडता पुढचा पावसाळा येतो. दर वर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी झालेली मी पाहिली आहेत. या उचलीतून सुटका व्हावी म्हणून सरकारने १९७८ मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू केलं. शब्द लोकांच्या तोंडचाच उचलला, म्हणून तुम्हाला तो एकच वाटतो. कोरोनात मात्र कर्ज नव्हतं, अनुदान होतं : कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार रोख आणि दोन हजारांचं सामान. त्यात फेड नाही. फरक विचाराल तर तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.

माणगावची_नात :
दोघांचे आभार. आजीला सगळं वाचून दाखवलं. शेवटचं दोनदा वाचायला लावलं. "फेड नाही?" एवढंच विचारत राहिली. मग मेढीवरच्या खालच्या खाचा बोटाने चाचपून म्हणाली, "ह्या सात फिटल्या नव्हत्या. सासू गेली तेव्हा राहिल्या होत्या."
मेढ पडवीत उभी केली आहे.