नियंत्रण कक्षा किती माणसांची धरायची?

प्रश्न: नियंत्रण कक्षा म्हणजे एका साहेबाच्या हाताखाली थेट किती माणसं असावीत ती संख्या. व्यवस्थापनतज्ज्ञ ग्रेक्युनसच्या सूत्रात हाताखालची माणसं ५ वरून ६ झाली की संबंध १०० वरून थेट २२२ कसे होतात? परीक्षेत नेमकं काय लिहायचं?

उत्तर १: ही मांडणी १९३३ ची. प्रत्यक्ष (साहेबाचे एकेकाशी), गट (साहेबाचे एकाशी, पण इतरांच्या उपस्थितीत) आणि आडवे (हाताखालच्यांचे आपापसांत) असे तीन प्रकारचे संबंध मोजायचे. ५ जणांसाठी अनुक्रमे ५, ७५ आणि २०, बेरीज १००. ६ जणांसाठी ६, १८६, ३०. फुगतात ते गटसंबंध. चूक होते ती आडवे संबंध एकदाच मोजल्यामुळे. 'अ'चा 'ब'शी आणि 'ब'चा 'अ'शी असे ते वेगळे धरायचे.

उत्तर २: सूत्र पाठ करा, पण त्यावर थांबू नका. हे संबंध शक्यतेपुरते आहेत, रोज किती वापरात येतात हे सूत्र सांगत नाही. शिवाय प्रशासनाचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांचा १९४६ चा आक्षेप हवाच: कक्षा आखडली की पदसोपान, म्हणजे अधिकाऱ्यांची उतरंड, उंचावतो. ६४ कर्मचाऱ्यांवर कक्षा ८ ठेवली तर मधे ८ पर्यवेक्षक; ४ ठेवली तर १६ आणि त्यांच्यावर आणखी ४. फाइलला एक टेबल वाढलंच!

उत्तर ३: काम एकसुरी, नियम छापील आणि माणसं एकाच इमारतीत असतील तर कक्षा बिनधास्त मोठी ठेवता येते. तलाठी गावोगाव विखुरलेले, म्हणून तहसीलदार आणि त्यांच्या मधे मंडळ अधिकारी लागतो.